वरचे दात आधी

"मॅडम, दवाखान्यातले गमतीचे किस्से लिहा," असं संपादकांनी फोनवर सांगितलं. "दिवाळीत लोकांना हलकं वाचायला आवडतं."

किस्से माझ्याकडे आहेत. महाडच्या बाजारपेठेत, एका अरुंद जिन्याच्या वर माझा दातांचा दवाखाना होता आणि माझं सगळं कामाचं आयुष्य तिथेच गेलं. कशेडी घाटात दरड कोसळून रस्ता बंद झाला तेव्हा अडकलेला एक ट्रक ड्रायव्हर माझ्याकडे आला. म्हणाला, रस्ता मोकळा होईपर्यंत तसंही काही काम नाही, तर ती दाढ तेवढी काढून टाका. दाढ निघाली, दरड निघेना. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला आणि दुसऱ्या बाजूची दाखवून गेला. एकदा लग्न ठरलेल्या मुलाला घेऊन त्याचे वडील आले होते. म्हणाले, "पत्रिका जुळली, आता ह्याचे दात तेवढे जुळवा."

असं पुष्कळ आहे. पण लिहायला बसले की यांतलं काही कागदावर उतरत नाही. एकच मूल डोळ्यांसमोर येतं. ते मूल आता नाही. त्याच्याविषयी लिहायला मी याआधीही बसले होते आणि प्रत्येक वेळी अर्ध्यावर उठले, कारण दुःखाने हात थांबतो तसा रागानेही थांबतो. या खेपेला हळूहळू का होईना, पुरं करायचं ठरवलं आहे. संपादकांनी आणि वाचकांनी मला माफ करावं. हे हलकं नाही.

दातांच्या डॉक्टरचं काम बाहेरून दिसतं तेवढंच नसतं, हे आधी सांगायला हवं. आईच्या पोटात बाळ घडत असताना त्याचे दात, केस, नखं, कातडी आणि घामाच्या ग्रंथी या सगळ्यांची सुरुवात एकाच पापुद्र्यातून होते. त्या पापुद्र्यात जन्मतःच काही बिघाड असेल तर तो या सगळ्या ठिकाणी उमटतो. केस विरळ असले तर लोक म्हणतात, येतील. कातडी कोरडी असली तर तेल लावतात. दात मात्र येण्याचं वय उलटलं की घरातले अस्वस्थ होतात आणि मुलाला उचलून आमच्याकडे आणतात. म्हणून जनुकातल्या दोषांची मुलं अनेकदा सर्वांत आधी आमच्या खुर्चीत येतात. आम्ही फक्त तोंड उघडून बघत असतो, पण तोंडातून सगळं मूल दिसतं.

अशा आजारांना "दुर्मिळ" म्हणतात. त्या शब्दाचा मला राग आहे. एखादं पुस्तक दुर्मिळ असलं तर त्याला कपाट मिळतं, कुलूप मिळतं, हात धुऊन ते हाताळणारी माणसं मिळतात. मूल दुर्मिळ असलं तर त्याला एवढंच मिळतं, की आपल्याकडे याची सोय नाही, मुंबईला न्या. आणि आपल्या भागात ते खरंच इतकं दुर्मिळ आहे का, हे कोणी मोजायला गेलेलं नाही. तपासायला न जाता नाही म्हणणं सोपं असतं.

त्या मुलाचं नाव अथर्व. त्याची आई दिपाली त्याला तुडीलहून घेऊन आली तेव्हा तो तीन वर्षांचा व्हायचा होता. नवरा महाडच्या एमआयडीसीत पाळीला जायचा, म्हणून ती एकटीच आली होती. विशीतली, डोंगराकडची, बोलताना पदर ओठांवर धरणारी.

"मॅडम, हा भाकरी खात नाय. नुसता भात गिळतो. वर दोनच दात हायत, ते पण असे." तिने करंगळीचं टोक दाखवलं.

मी बघितलं. वरच्या हिरडीत दोन दात, खिळ्यासारखे टोकदार. खाली काहीच नाही. खालची हिरडी दात नसल्यामुळे सुरीच्या पात्यासारखी बारीक राहिली होती. डोक्यावर पिंगट, मक्याच्या कणसाला असतात तसे थोडेसे केस. भुवया जवळजवळ नाहीत. डोळ्यांखालची कातडी काळसर आणि सुरकुतलेली, त्यामुळे तीन वर्षांचं पोर थकलेल्या म्हाताऱ्यासारखं दिसत होतं. मग ते हसलं आणि म्हातारा नाहीसा झाला.

तेवढ्यात वीज गेली. पंखा थांबला. मार्च संपत आला होता आणि सावित्रीकाठचा तो दमट उकाडा ज्यांना माहीत आहे त्यांना मी वेगळं सांगायला नको. दिपालीच्या मानेवरून घाम ओघळायला लागला, माझ्याही. अथर्व खुर्चीतून घसरत खाली उतरला आणि कडाप्प्याच्या फरशीवर गाल टेकून पालथा पडला. तसाच पडून राहिला.

"घरी पण असाच करतो," दिपाली म्हणाली. "नायतर पाण्याच्या पिंपाला मिठी मारून बसतो. सासूबाई म्हणतात, कासवाचा जन्म हाय ह्याचा."

मी वाकून त्याच्या पाठीवर हात ठेवला. पाठ तापलेली होती आणि पूर्ण कोरडी.

"ह्याला घाम येतो का गं?"

तिने खाली पडलेल्या अथर्वकडे बघितलं. आईला असा प्रश्न कधी कोणी विचारलेला नव्हता. "नाय हो मॅडम. कधी बघितला नाय."

शिकत असताना आमच्या एका जाडजूड पुस्तकात अशा मुलाचं छायाचित्र होतं. परीक्षेला त्यावर कधी प्रश्न येत नसे, पण मला पुस्तकांची पानं उगाच उलटायची सवय होती. तो चेहरा लक्षात राहिला होता. आजाराचं नाव एक्टोडर्मल डिस्प्लेसिया. अथर्वला जो प्रकार होता त्यात घामाच्या ग्रंथी नसल्यातच जमा असतात. आपलं शरीर तापलं की घाम येतो आणि शरीर निवतं. या मुलांचं शरीर तापत जातं आणि निवायला वाटच नसते. मग ताप येतो. तो ताप जंतूंचा नसतो, म्हणून तापाच्या औषधाने उतरत नाही. तो पाण्याने, वाऱ्याने आणि सावलीने उतरतो. या मुलांना सर्वांत मोठा धोका दात नसण्याचा नाही, उन्हाळ्याचा असतो.

हे सगळं मी दिपालीला मराठीत, सावकाश सांगितलं. ओला सदरा घालून ठेव, अंगावर पाणी शिंपड, उन्हात नेऊ नकोस, ताप चढला की पांघरूण घालायचं नाही. तिने एकच विचारलं. "दात होतील?"

दात आपोआप येणार नव्हते, पण करता येणार होते. एवढ्या लहान मुलाला कवळी करतात हे ऐकून लोकांना हसू येतं. आमच्या लॅबवाल्यालाही आलं. "मॅडम, बाहुलीचं काम घेतलंत काय?" लहान मुलाचं माप घेताना एक पद्धत असते. एक मोठं माणूस आणि डॉक्टर समोरासमोर, गुडघ्याला गुडघे लावून बसतात. मुलाचे पाय त्या माणसाच्या कमरेभोवती आणि डोकं डॉक्टरच्या मांडीवर. मुलाला आपलं माणूस दिसत राहतं, म्हणून ते घाबरत नाही. दिपालीने त्याचे दोन्ही हात धरले आणि माप घेण्याचा तो गुलाबी, थंडगार लगदा तोंडात गेल्यावर अथर्व रडला तर नाहीच, उलट डोळे मिटून पडून राहिला. थंड होतं ना.

कवळी बसली त्या दिवशी दिपालीने पदराखालून पापड काढला. भाजून, कागदात गुंडाळून आणला होता. अथर्वने तो चावला. कडकन आवाज झाला, तसा दचकून त्याने आमच्याकडे बघितलं. तो आवाज आपल्या तोंडातून आला यावर त्याचा विश्वास बसेना. मग सबंध पापड संपेपर्यंत तो प्रत्येक घासाला थांबून ऐकत होता. तोवर त्याला स्वतःचं नावही नीट उच्चारता येत नव्हतं, कारण जीभ टेकवायला दात नव्हते. महिन्याभराने आला तेव्हा जिन्याच्या तळापासून ओरडत आला, "मी अथर्व आलोय!"

आता थोडं हसण्यासारखं. पुढच्या खेपेला बघते तर कवळी नव्यासारखी चकचकीत आणि अथर्वच्या हिरडीवर तिची खूणही नाही. खोदून विचारल्यावर कळलं की सासूबाईंनी ती हळदीकुंकवाच्या डबीशेजारी कपाटात ठेवली होती. मी त्यांना बोलावून घेतलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "रोज घालून झिजवायची व्हय? लग्नाकार्याला घालतो की. परवा जत्रेला घातली हुती, समद्यांनी बघितली."

मी चिडले. मग विचार केला, की यांच्या घरात ज्या वस्तूला मोल आहे ती अशीच जपतात. पोराच्या दातांना त्यांनी दागिन्यांचा मान दिला होता. ज्यांनी तो द्यायचा त्यांनी काय केलं, ते सांगते. मूल वाढतं तसा जबडा वाढतो आणि कवळी दर थोड्या काळाने नवी करावी लागते. त्यासाठी सरकारी मदत मिळेल का, म्हणून मी एका कार्यालयात गेले. तिथल्या गृहस्थांनी कागदावरून मान वर न करता सांगितलं, "कवळी म्हणजे सौंदर्यासाठीचा उपचार. तो योजनेत बसत नाही." मी म्हटलं, "मुलगा तीन वर्षांचा आहे, त्याला सौंदर्य नको, भाकरी चावायची आहे." ते म्हणाले, "दुधाचे दात तर तसेही पडणारच असतात ना मॅडम?" त्याला दुधाचे नव्हते आणि पुढचेही येणार नव्हते, हे मी त्यांना दोनदा सांगितलं. दोन्ही वेळा त्यांनी मान डोलावली.

मुंबईच्या एका मोठ्या रुग्णालयात दिपालीला पाठवलं. तिथे अथर्वला उघडा करून उभं केलं, समोरून, बाजूने, तोंड उघडं, तोंड मिटलेलं असे फोटो काढले. विद्यार्थ्यांची रांग येऊन बघून गेली. केसांचा विभाग वेगळा, कातडीचा वेगळा, दातांचा वेगळा. संध्याकाळी तिला सांगितलं, सहा महिन्यांनी या. उन्हाळ्यात या मुलाला कसं सांभाळायचं, हे त्या अवाढव्य इमारतीत तिला एकानेही सांगितलं नाही. ते कोणत्याच विभागात येत नव्हतं.

आणि आमच्याकडचे डॉक्टर! ज्या दोघातिघांकडे दिपाली तापात मुलाला नेण्याची शक्यता होती, त्यांना मी स्वतः फोन केले. या मुलाचा ताप वेगळा आहे, त्याला गुंडाळू नका, पाणी मारा. एकाने ऐकून घेतलं. एक हसून म्हणाला, "मॅडम, तुम्ही दातांच्या. तापाचं आम्ही बघतो ना."

तर उन्हाळा. अथर्वचा पहिला उन्हाळा माझ्या देखरेखीखाली कसाबसा गेला. दुसरा तोंडावर आला तेव्हा मी दिपालीला विचारलं, "तुझं माहेर कुठे?"

पोलादपूरकडे, कापडे गावाहून वर डोंगरात एका वाडीवर. तिथे गुरं, नाचणी आणि वरी. मला ती बाजू माहीत होती. महाबळेश्वराकडून वारा उतरतो, घरामागे फणसाची गर्द सावली, भर मे महिन्यात झऱ्याचं पाणी हाताला झोंबतं. देवाने या मुलासाठीच ती वाडी केली असावी अशी जागा.

"मग उन्हाळाभर तिथे का जात नाहीस?"

दिपालीने पदर ओठांवर घेतला. "तिथं नाय जमत मॅडम. ह्याचे वरचे दात आधी आले ना."

मुलाला पहिला दात बहुधा खाली येतो. वर आधी आला तर ते मामाला वाईट, असं आपल्याकडे मानतात. ठिकठिकाणी त्यावर छोटे तोडगे असतात, ते केले की लोक विसरून जातात. या घरचा तोडगा वेगळा होता. मामाने भाच्याचं तोंड बघायचं नाही. एका छपराखाली दोघांनी राहायचं नाही. दिपालीला एकच भाऊ, महेश. तो वाडीवरच राहून गुरं बघायचा. म्हणजे जे एकमेव थंड घर या मुलाला मिळण्यासारखं होतं, ते त्याच्या दोन दातांनी बंद केलं होतं. आणि दात हा माझा विषय. मी गप्प बसले असते तर काय दातांची डॉक्टर!

एका रविवारी मी कापड्याला एसटीतून उतरले आणि वाडीची चढण चढले. दिपालीची आई पडवीत नाचणी पाखडत बसली होती. बारकी, काटक बाई. मला पाणी दिलं, गूळ दिला. महेश गोठ्याच्या दाराशी उभा राहिला, तो शेवटपर्यंत आत आला नाही.

मी समजावलं. दात वर आले काय आणि खाली आले काय, मामाचा त्याच्याशी संबंध नाही. त्या मुलाला खाली दात येणारच नव्हते, म्हणून वरचे आधी दिसले.

म्हातारी ऐकत होती. मग सूप खाली ठेवून म्हणाली, "बाय, तू शिकलेली हायस, मी तुला खोटी पाडत नाय. पण मी बघितलंय. महेशच्या आधी मला एक ल्योक झाला हुता. ह्या अथर्वसारखाच. डोक्यावर केस नाय, म्हनून जावळ नाय झालं, मामाच्या मांडीवर बसायचं ऱ्हायलंच. वरचेच दात आधी आले, दोन, टोकवाले. आनि त्याच पावसाळ्यात माझा भाऊ गेला. ट्रकावर किन्नर हुता, डायवरच्या हाताखाली. कशेडीच्या घाटात गाडी गेली खाली. माझा एकुलता भाऊ."

"आणि तो मुलगा?"

"तो पुढल्या वैशाखात गेला. ताप आला, गेला."

"तापात काय केलं होतं?"

"काय करनार? घोंगड्यात गुंडाळून वैदूकडं नेला."

त्या घरात दोन मरणं झाली होती. भावाच्या मरणाचं कारण सगळ्या वाडीला पाठ होतं, ते चुकीचं होतं. मुलाच्या मरणाचं कारण कोणी विचारलंच नव्हतं. ताप आला, गेला. आणि तेच कारण नातवाच्या अंगात पुन्हा जन्माला येऊन खाली तुडीलला फरशीवर गाल टेकून पडलं होतं.

मी म्हटलं, "आजी, तोंड उघडा जरा." तिने हसत उघडलं. वरचे बाजूचे दोन दात मुळात आलेलेच नव्हते आणि एक बारीक, टोकदार. दिपालीलाही तसाच एक होता, म्हणून तर ती पदर धरायची. हा दोष आईकडून उतरतो, तोही प्रत्येक मुलात नाही. बाईमाणसाला त्याची नुसती झुळूक लागते, मुलगा सापडला तर पुरता सापडतो. हे मी तिला सांगितलं आणि सांगता सांगता तिचा चेहरा बदलताना बघितला.

"म्हंजे माझ्यामुळं?"

"कोणामुळे नाही, आजी. हे कोणी करत नाही."

पण तिने तेवढंच ऐकलं होतं. सूप उचलून ती पुन्हा पाखडायला लागली. पाखडता पाखडताच म्हणाली, "पोर गोड हाय. मला नको हाय व्हय? पन मला आता एकच ल्योक ऱ्हायलाय गो."

परतताना गोठ्यापाशी थांबून मी महेशला विचारलं, "तुला काय वाटतं?" सहा फूट उंचीचा तो तरुण पायाच्या अंगठ्याने माती उकरत म्हणाला, "आय म्हनते तसं." मला त्याचा जो राग आला तो आजही पुरता गेलेला नाही.

तो उन्हाळा आणि त्यापुढचाही खालीच गेला. मी टेबलफॅन दिला, ओलं करून घालायचं जाकीट शिवून दिलं. शाळेच्या बाईंना जाऊन सांगितलं, की याला उन्हात कवायतीला उभं करू नका. त्या म्हणाल्या, "बाकीची मुलं मग काय म्हणतील?" चौथ्या उन्हाळ्यात, मेमध्ये, सावित्रीच्या खोऱ्यात वारा असा पडला की पान हलेना, आणि वीज सारखी जायची. दिपालीने कोणाला न विचारता निर्णय घेतला. पहाटे निघून, अथर्वला ओला सदरा घालून ती पहिल्या एसटीने कापड्याला गेली आणि ऊन चढायच्या आत वर माहेरी पोचली.

पुढचं तिने मला नंतर सांगितलं. अथर्व फणसाखाली खूश होता. झऱ्यात पाय सोडून बसला. आजीने त्याला ताक दिलं, कुरवाळलं. महेशला गुरांमागे पाठवून दिलेलं होतं, पण तो जेवायला घरी यायचा होता. घरातली माणसं दाराकडे बघायला लागली. कोणी तिला जा म्हणालं नाही. पण राहा असंही कोणी म्हणालं नाही. आपल्याकडे लेक माहेरी आली की दारातच विचारतात, किती दिवस राहणार गो? ते विचारलं गेलं नाही, यात सगळं आलं. न विचारता पिशवी खुंटीला लावणारी मुलगी मी या भागात बघितलेली नाही. दिपालीनेही लावली नाही. भर दुपारी ती मुलाला कडेवर घेऊन उतरली.

उतरणीवर सावली नव्हती. एसटी खचाखच भरलेली, मुंबईहून सुट्टीला आलेली माणसं, पत्रा तापलेला. अथर्व आधी चिडचिडला, मग गप्प झाला. बाटलीतलं होतं नव्हतं ते पाणी तिने त्याच्या डोक्यावर ओतलं, तर शेजारच्या बाईचं लुगडं भिजलं म्हणून भांडण झालं. तो डोळे फिरवायला लागला तशी ती वाटेतच उतरली आणि एका दवाखान्यात धावली. तिथे त्याच्या अंगावरचा ओला सदरा काढला. तापात ओलं ठेवतात का, न्यूमोनिया होईल, म्हणून ओरडले. झटका आला तेव्हा थंडी वाजते असं समजून ब्लँकेट टाकलं. तापाचं इंजेक्शन दिलं. दिपाली म्हणत राहिली, "मॅडमनी सांगितलंय, पाणी ओता, पाणी ओता." कोण मॅडम, असं विचारलं. दाताच्या, असं ती म्हणाली. मग कोणी ऐकलं नाही.

संध्याकाळी मी तुडीलला पोचले तेव्हा अंगणात माणसं जमली होती. दिपाली भिंतीला टेकून बसली होती, तिच्या मुठीत कवळी होती. वाडीवरून तिची आई आली होती. मला बघून ती रडत जवळ आली, माझे हात धरले आणि म्हणाली, "काय करायचं बाय. मामा तरी राखला देवानं."

मी हात सोडवून घेतले. तिथे थांबणं मला शक्य झालं नाही.

तेव्हापासून मी हिशेब लावते आहे की मी नेमकी कोणावर चिडले आहे. म्हातारीवर? तिने एक मूल आणि एक भाऊ गमावला होता आणि कारण सांगायला त्या काळी तिच्याकडे कोणी फिरकलं नव्हतं. तिने हाताशी होतं ते कारण घेतलं. पण ज्यांनी शिकून, पदव्या भिंतीवर लावून ब्लँकेट टाकलं त्यांच्याकडे काय निमित्त होतं? एका मुलाला आम्ही वाटून घेतलं होतं. केस एकाचे, कातडी एकाची, ताप एकाचा, दात माझे. मामाही वेगळा काढलेला. सबंध मूल कोणाचंच नव्हतं, एका दिपालीचं सोडून. आणि तिला आम्ही सगळ्यांनी मिळून सांगितलं की तुला काय कळतं.

दवाखाना मी आता एका तरुण डॉक्टरला दिला आहे. आठवड्यातून एक दिवस मी तिथे लहान मुलांसाठी बसते. यंदाच्या एप्रिलमध्ये एका सकाळी दिपाली जिना चढून आली. मधल्या काळात तिला मुलगी झाली होती, आरोही. ती दहा महिन्यांची होती आणि तिचं तोंड दिपालीने स्वतःच्या खांद्यात दाबून धरलं होतं, जसं कोणी चोरीचा माल धरावा.

दार लावून घेऊन ती कुजबुजली, "मॅडम, दात आलाय. वरचाच आलाय आधी. घरात कोणाला सांगितलं नाय. हसली की मी तोंड फिरवते तिचं."

"कोणाबरोबर आलीस?"

"दादा घेऊन आलाय गाडीवर. खाली हाय."

तो खाली नव्हता. दार ढकलून महेश आत आला. माझ्याकडे न बघता म्हणाला, "मी धरतो तिला."

"नको दादा," दिपाली घाईने म्हणाली. "तू बाहेर थांब. तू बघू नको."

"बघितलाय मी," तो म्हणाला. "परवा वर आली हुतीस तेव्हा हसली माझ्याकडं बघून. वरचा हाय, टोकवाला. बघितला, आनि हाय मी जिवंत." मग स्टूल ओढून तो माझ्यासमोर, गुडघ्याला गुडघे लावून बसला. हे कसं बसायचं ते त्याला दिपालीने कधीतरी सांगितलं असावं. त्याने भाचीला घेतलं, तिचे पाय आपल्या कमरेभोवती केले आणि डोकं हळूच माझ्या मांडीवर ठेवलं. आपल्याच जाड, मातीने काळ्या झालेल्या बोटाने त्याने तिचा वरचा ओठ उचलला आणि म्हणाला, "बघा."

दिपाली भिंतीकडे तोंड करून उभी होती.

मी बघितलं. एक बारीक, टोकदार दात. बाजूच्या हिरडीत आणखी दात असल्याचा फुगवटा हाताला लागला. खालीही होता. हिला दात येणार होते, आईसारखे आणि आजीसारखे, एखाददुसरा कमी. जबडा चाचपायला मी तिच्या मानेखाली हात घातला आणि हात ओला झाला. मी पुन्हा लावून बघितला. दाट काळ्या केसांच्या मुळाशी, कपाळावर, नाकाच्या शेंड्यावर घामाचे थेंब उभे होते. आरोहीला चांगला, भरपूर घाम येत होता.

"आयला सांगितलंय मी," महेश बोलत होता. आता त्याने मान वर केली होती. "ही आनि दिपाली आजच वर येतील. पाऊस लागेपर्यंत राहायचं. माझं अंथरून मी पडवीत टाकीन नायतर घरात टाकीन, ते माझं मी बघीन. फणसाखाली पाळणा बांधलाय." मग त्याने विचारलं, "वर नेली तर बरं राहील ना मॅडम हिला?"

तिला खालीही बरं राहिलं असतं. त्या घराची, त्या झऱ्याची, त्या फणसाच्या सावलीची या मुलीला काही गरज नव्हती. ज्याला होती त्याच्यासाठी, पाऊस लागेपर्यंत राहायचं, हे वाक्य कोणी बोललं नाही. हे सगळं माझ्या ओठांवर आलं होतं. मग मी दिपालीकडे बघितलं. ती भिंतीकडून वळली होती आणि तोंडावर पदर नव्हता.

"न्या," मी म्हटलं. "ऊन चढायच्या आत न्या."